मोठ्या गर्दीच्या बातमीस्थळासाठी ओपन सोर्स सीएमएस: एका निवडीचं आणि उभारणीचं प्रकरण

सीएमएस म्हणजे मजकूर लिहिण्याची, साठवण्याची आणि प्रकाशित करण्याची प्रणाली. परिस्थिती अशी धरली आहे. एक बातमीसंस्था, संग्रहात ६ लाख लेख, रोज साधारण ४०० नवे. संपादकीय विभागात १२० माणसं, त्यांतली एका वेळी ४० जण प्रणालीवर काम करणारी. सध्याची प्रणाली खास त्या संस्थेसाठी लिहून घेतलेली, तिला हात लावणारं आता कोणी उरलेलं नाही. वाचक दिवसाला ६० लाख पानं उघडतात आणि मोठी बातमी आली की नेहमीच्या गर्दीच्या दहापट लोक एकदम येतात. हे आकडे एका नमुन्यादाखलच्या संस्थेचे आहेत. आपल्या संस्थेचे आकडे घालून पुढचं सगळं गणित पुन्हा मांडता येईल, आणि ते मांडावंच.

आधी गणित. ६० लाख भागिले ८६,४०० सेकंद म्हणजे सेकंदाला ७० पानं. ही सरासरी निरुपयोगी आहे, कारण वाचक चोवीस तास सारखे येत नाहीत. सर्वांत गर्दीच्या तासात दिवसाच्या ८ टक्के वाचन होतं असं धरलं, तर ४ लाख ८० हजार पानं एका तासात, म्हणजे सेकंदाला १३३. दहापट गर्दी झाली की १,३३०. यात फक्त एचटीएमएल पानं मोजली आहेत. चित्रं, स्टाइलशीट आणि स्क्रिप्ट सीडीएनवरूनच (वाचकाच्या जवळून फाइली पुरवणारं सर्व्हरांचं जाळं) जाणार, त्यांचा हिशेब वेगळा.

आता खरा आकडा. या १,३३० पैकी किती सीएमएसपर्यंत पोचतात? कॅशेतून, म्हणजे आधीच बनवून ठेवलेल्या प्रतींच्या साठ्यातून, ९५ टक्के पानं गेली तर मागे ६७ उरतात. ९० टक्के गेली तर १३३. ८० टक्के गेली तर २६६. ९५ वरून ९० वर घसरणं कागदावर किरकोळ दिसतं, पण सर्व्हरवरचा भार त्यात दुप्पट होतो. म्हणून "कोणता सीएमएस जास्त वेगवान" हा प्रश्न इथे दुय्यम आहे. एखादं पान सीएमएसने २०० मिलिसेकंदांत बनवलं की ४०० मध्ये, याने जेवढा फरक पडतो त्याहून मोठा फरक एका गोष्टीने पडतो: एखादा लेख बदलला की नेमकी कोणती पानं शिळी झाली, हे सीएमएस कॅशेला सांगू शकतो का. ते नेमकं सांगता आलं तर पानं तासन्‌तास कॅशेत ठेवता येतात. नाही आलं तर दर मिनिटाला सगळंच पुन्हा बनवावं लागतं.

निवड

यादीत चार नावं येतात: वर्डप्रेस, ड्रुपल, वॅगटेल आणि घोस्ट. घोस्ट लवकर बाजूला होतो. वृत्तपत्रिका आणि सदस्यत्व यांसाठी तो उत्तम आहे, पण बहुपायरी संपादन, अनेक विभाग आणि वेगवेगळ्या रचनेचा मजकूर हे त्याचं क्षेत्र नाही. वॅगटेल जँगो या पायथॉनच्या चौकटीवर उभा आहे आणि त्याचा संपादक फार चांगला आहे. हाताशी पायथॉनचा जाणता चमू असेल तर त्याचा गंभीरपणे विचार करावा. या प्रकरणातला चमू पीएचपीचा आहे, आणि नवी भाषा व नवी प्रणाली एकाच वेळी शिकत ६ लाख लेख हलवणं शहाणपणाचं नाही.

उरले वर्डप्रेस आणि ड्रुपल. वर्डप्रेस मोठी गर्दी पेलू शकत नाही हा समज चुकीचा आहे, जगातली अनेक मोठी प्रकाशनं त्यावर चालतात. पण ते पेलण्यासाठी काय काय करावं लागतं ते माहीत हवं. लेखाची जादा माहिती पोस्टमेटा या एकाच टेबलात जाते, तिथल्या मूल्याच्या रकान्यावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नसतो. त्यामुळे "अमुक मूल्य असलेले लेख दाखवा" अशी क्वेरी ६ लाख लेखांवर रखडते. याद्या काढताना पानांची संख्या कळावी म्हणून तो एकूण ओळी मोजतो. जिथे पानक्रमांक नको तिथे ही मोजणी मुद्दाम बंद करावी लागते. ऑप्शन्स या सेटिंग्जच्या टेबलातल्या ऑटोलोडच्या नोंदी प्रत्येक रिक्वेस्टला वाचल्या जातात. मेमकॅश्ड हा मेमरीतला कॅशे वापरला आणि या नोंदींचा गठ्ठा १ एमबीच्या पुढे गेला, तर मेमकॅश्डच्या मूळ मर्यादेमुळे तो साठवलाच जात नाही आणि प्रत्येक रिक्वेस्ट डेटाबेसवर आदळते. क्रॉन, म्हणजे ठरावीक वेळी कामं चालवणारी सोय, वाचकांच्या भेटींवर चालतो. तो बंद करून सर्व्हरच्या क्रॉनला जोडावा लागतो.

देवनागरीत प्रकाशन करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्याचा रकाना २०० वर्णांचा आहे आणि त्यात पत्ता टक्केचिन्हांच्या रूपात साठतो. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तिथे ९ वर्ण खातं, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा स्वतंत्र मोजले जातात. म्हणजे २२ चिन्हांनंतर पत्ता कापला जातो. जुन्या प्रणालीत लांब देवनागरी पत्ते असतील तर ते जसेच्या तसे आणता येणार नाहीत.

हे सगळं सोडवता येतं. अडचण वेगळ्या जागी आहे. कोणत्या पानावर कोणता मजकूर वापरला आहे, याची नोंद वर्डप्रेसचा गाभा ठेवत नाही. लेख बदलला की प्लगइन काही ठरावीक पत्ते बाद करतात: तो लेख, त्याचा विभाग, मुखपृष्ठ, फीड. तोच लेख दुसऱ्या लेखाच्या "हेही वाचा" चौकटीत असेल, तर ते पान शिळंच राहतं.

ड्रुपलने २०१५ साली आठव्या आवृत्तीत हीच गोष्ट गाभ्यात आणली. प्रत्येक पानाबरोबर टॅगांची यादी तयार होते: या पानात अमुक क्रमांकाचा लेख आहे, अमुक लेखक आहे, अमुक चित्र आहे. लेख बदलला की त्याचा टॅग बाद होतो आणि तो टॅग असलेलं प्रत्येक पान, ते कुठेही असो, बाद होतं. या प्रकरणात मजकूर रचनाबद्ध आहे, संपादनाच्या पायऱ्या चार आहेत आणि एकच लेख दहा ठिकाणी दिसतो. म्हणून ड्रुपल. एखाद्या संस्थेत वीस संपादक, साधे लेख आणि दिवसाला पन्नास बातम्या असत्या, तर उत्तर वर्डप्रेस असतं आणि पैसा व वेळ दोन्ही वाचले असते.

फ्रंटएंड वेगळा ठेवण्याची, म्हणजे ड्रुपल फक्त मागे ठेवून जावास्क्रिप्टच्या चौकटीत पानं बनवण्याची कल्पना नेहमी पुढे येते. ड्रुपलच्या गाभ्यात जेसन एपीआय (मजकूर दुसऱ्या प्रोग्रामला पुरवण्याची सोय) २०१९ पासून आहे, त्यामुळे ते शक्य आहे. पण मग टॅग एपीआयच्या उत्तरातून उचलून अंतिम पानाच्या हेडरपर्यंत (पानासोबत जाणारी, वाचकाला न दिसणारी माहिती) आपल्यालाच पोचवावे लागतात. ते न करता हा मार्ग घेतला तर ज्या कारणासाठी ड्रुपल निवडलं तेच हातचं जातं. इथे टाळलेलं बरं.

मांडणी

वाचकाकडून आत येताना थर असे: सीडीएन, त्यामागे व्हार्निश (पानांचा कॅशे), त्यामागे एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि पीएचपी-एफपीएम (पीएचपीचा कोड चालवणाऱ्या प्रक्रिया), मग रेडिस किंवा वाल्की (मेमरीतला साठा), शेवटी मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल (डेटाबेस). व्हार्निश २००६ साली नॉर्वेतल्या व्हीजी या वृत्तपत्राच्या संकेतस्थळासाठीच लिहिलं गेलं, त्यामुळे बातम्यांच्या गर्दीचा स्वभाव त्याच्या रचनेत आहे. रेडिसचा परवाना २०२४ मध्ये बदलल्यानंतर त्यातून वाल्की फुटलं. २०२५ पासून रेडिस पुन्हा ओपन सोर्स परवान्याखालीही मिळतं, त्यामुळे आता दोन्हींतलं कोणतंही घेता येतं.

पीएचपीची क्षमता अशी काढायची. कॅशेत नसलेलं पान बनवायला ०.४ सेकंद लागतो, त्यातला ०.२५ सेकंद सीपीयूचा, असं मोजमाप आलं असं धरू. सेकंदाला ६७ पानं म्हणजे एका क्षणी ६७ गुणिले ०.४, सुमारे २७ प्रक्रिया कामात. सीपीयू लागतात ६७ गुणिले ०.२५, म्हणजे १७ कोअर. हे ९५ टक्क्यांचं गणित झालं. ९० टक्क्यांची तयारी ठेवायची तर ३४ कोअर. म्हणून ८ कोअरचे पाच सर्व्हर, एकूण ४०. एक बंद पडला तरी ३२ उरतात, तेव्हा ९० टक्क्यांच्या दिवशी थोडी ओढाताण होईल, पण ९५ च्या दिवशी काहीच जाणवणार नाही.

प्रत्येक सर्व्हरवर एफपीएमच्या २४ प्रक्रिया, संख्या स्थिर. प्रत्येकी १२० एमबी धरून ३ जीबीपेक्षा कमी मेमरी लागते, म्हणून "मेमरी आहे तर शंभर करू" असा मोह होतो. तो टाळावा. आठ कोअरवर शंभर प्रक्रिया सोडल्या की प्रत्येक पान हळू होतं, रांग पीएचपीकडून डेटाबेसकडे सरकते आणि मग संपादकांचं कामही थांबतं. पाच सर्व्हरांच्या १२० प्रक्रिया म्हणजे डेटाबेसकडे १२० जोडण्या. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१ आहे, तीत संपादकांचे सर्व्हर आणि क्रॉन बसत नाहीत. ती ३०० करावी. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवणयंत्रणेचा बफर पूल, म्हणजे डेटा ठेवायची मेमरी, मुळात १२८ एमबी असतो, तो तसाच राहिलेला फार ठिकाणी सापडतो. फक्त डेटाबेससाठी दिलेल्या ३२ जीबीच्या यंत्रावर तो २२ ते २४ जीबी हवा. ट्रान्झॅक्शनची पातळी "रीड कमिटेड" ठेवावी, ड्रुपलमध्ये त्याने डेडलॉक (दोन कामं एकमेकांसाठी अडून बसणं) कमी होतात.

ओपीकॅशमध्ये (पीएचपीचा तयार कोड मेमरीत ठेवणारी सोय) फाइलींच्या वेळा तपासणं बंद करून प्रत्येक तैनातीनंतर एफपीएम रीलोड करावा. फाइलींची मर्यादा मुळात १०,००० आहे. कंपोजर या साधनाने आणलेली पॅकेजेस धरली तर ड्रुपलला ती अपुरी पडू शकते, म्हणून २०,००० ठेवावी.

संपादकांसाठी दोन सर्व्हर पूर्ण वेगळे, वेगळ्या पत्त्यावर. यावर तडजोड नको. मोठी बातमी आली की वाचक आणि संपादक एकाच क्षणी धावतात, आणि त्या क्षणी बातमी लिहिणाऱ्याला पान उघडलं नाही तर सगळी उभारणी व्यर्थ आहे.

टॅग कुठे फसतात

टॅगांची व्यवस्था जशी मिळते तशी वापरली तर या गर्दीत ती कोसळते. कारण नोड लिस्ट हा एक टॅग. लेखांच्या कोणत्याही यादीवर ड्रुपल हा टॅग लावतं आणि कोणताही लेख जतन केला की तो बाद करतं, कारण नवा लेख कोणत्याही यादीत येऊ शकतो. ४०० लेख, प्रत्येक सरासरी ८ वेळा जतन, म्हणजे दिवसाला ३,२०० वेळा. गर्दीच्या तासात त्यातले १५ टक्के, ४८०. म्हणजे दर साडेसात सेकंदांनी मुखपृष्ठ, सगळी विभागपानं, आणि "ताज्या बातम्या" ही चौकट असलेलं प्रत्येक लेखपान बाद. ६ लाख लेखपानांवर ती चौकट असेल तर कॅशे जवळपास नसल्यातच जमा. नव्या लेखाचा अप्रकाशित मसुदा जतन केला तरी हेच घडतं.

उपाय तीन, आणि तिन्ही लागतात. पहिला, याद्यांवरचा सर्वसाधारण टॅग काढून स्वतःचे अरुंद टॅग लावायचे: "क्रीडा विभागाची यादी", "मुखपृष्ठाची यादी". लेख प्रकाशित झाला, मागे घेतला किंवा त्याचा विभाग बदलला, तरच तो तो टॅग बाद करायचा. व्ह्यूज या ड्रुपलच्या याद्या बनवणाऱ्या भागासाठी स्वतःचे टॅग देणारं मॉड्यूल उपलब्ध आहे, बाद करण्याचा कोड मात्र आपला. दुसरा, लेखपानावरची "ताज्या बातम्या" चौकट पानातून बाहेर काढायची. ती स्वतंत्र पत्त्यावरून ईएसआयने (कॅशेनेच पानात तुकडा बसवण्याची पद्धत) किंवा ब्राउझरमधून आणावी आणि तिला ६० सेकंदांचं आयुष्य द्यावं. तिसरा, मुखपृष्ठ आपोआप भरणाऱ्या यादीवर न ठेवता संपादकांनी लावलेल्या रांगेवर ठेवायचं. मग ते फक्त रांग बदलली किंवा रांगेतला लेख बदलला तरच बाद होतं. संपादकांनाही हेच हवं असतं.

दुसरा अपघात हेडरचा. मुखपृष्ठावर ६० बातम्या, प्रत्येकीचे लेख, लेखक, विभाग, चित्र, फाइल असे टॅग, वर मांडणीचे टॅग. हा एक हेडर सहज ८ केबी ओलांडतो. व्हार्निश एका हेडरला मुळात एवढीच लांबी देतं आणि त्यापुढे ५०३ ही चूक परत करतं; मध्ये एनजिनएक्स असेल तर त्याचा बफर आधीच भरतो आणि ५०२ येतो. गंमत अशी की चाचणीच्या प्रतीवर दहा बातम्या असतात, तिथे काहीच बिघडत नाही. बिघडतं ते पहिल्या भरगच्च दिवशी, आणि फक्त मुखपृष्ठावर. टॅगांचे छोटे हॅश करून पाठवावेत, व्हार्निशची हेडरची मर्यादा ६४ केबी करावी, एकूण उत्तराच्या हेडरांची मर्यादाही त्याच प्रमाणात वाढवावी, आणि एनजिनएक्सचा फास्टसीजीआय बफर विसरू नये.

तिसरं, बाद कसं करायचं. मुखपृष्ठाला सेकंदाला ३०० वाचक येत असताना ते कॅशेतून काढून टाकलं आणि नवं बनायला ०.८ सेकंद लागले, तर तेवढ्यात २४० जण दाराशी जमतात. व्हार्निश त्यांना रांगेत धरून मागे एकच रिक्वेस्ट पाठवतं, तरी सगळे थांबतात, आणि अनेक ठिकाणी पसरलेल्या सीडीएनमधून प्रत्येक ठाणं आपापली रिक्वेस्ट पाठवतं. म्हणून व्हार्निशच्या एक्सकी मॉड्यूलचा सौम्य पर्ज (पर्ज म्हणजे कॅशेतून बाद करणं) वापरावा: पान शिळं म्हणून खूण होते, पुढच्या वाचकाला जुनंच मिळतं आणि मागे नवं तयार होतं. यासाठी ग्रेसचा, म्हणजे शिळं पान देत राहण्याचा, काळ मुळातले १० सेकंद सोडून काही तास ठेवावा. मग मागचे सर्व्हर पडले तरी वाचकाला जुनं पान दिसत राहतं. पण कायदेशीर कारणाने मागे घेतलेला मजकूर, चुकीचं छायाचित्र, पीडिताचं नाव यांसाठी सौम्य पर्ज चालत नाही. संपादकांच्या पडद्यावर "तात्काळ हटवा" असं वेगळं बटण हवं, ते कठोर पर्ज करेल आणि सीडीएनवरही करेल. ही सोय पहिल्या दिवसापासून हवी.

ड्रुपल पानाचं जे आयुष्य पाठवतं ते ब्राउझरलाही लागू होतं, आणि वाचकाच्या ब्राउझरमधलं पान आपल्याला पर्ज करता येत नाही. व्हार्निशमधून बाहेर पडताना हेडर बदलावा: सीडीएनला एक दिवस, ब्राउझरला ६० सेकंद. याच्याच जोडीची गोष्ट: एखाद्या चौकटीला पाच मिनिटांचं आयुष्य दिलं तरी अनामिक वाचकांच्या पानाच्या हेडरपर्यंत ड्रुपल ते पोचवत नाही. पान त्याच्या ठरलेल्या आयुष्यापर्यंत तसंच राहतं. त्यासाठी वेगळं मॉड्यूल लागतं, किंवा वर सांगितल्याप्रमाणे चौकटच बाहेर काढावी लागते.

डेटाबेसची वाचनप्रत वापरण्याचा मोह इथेच आवरावा. लेख जतन झाला, टॅग बाद झाला, लगेच आलेल्या वाचकासाठी पान बनलं, पण ते वाचनप्रतीवरून, आणि ती प्रत अर्धा सेकंद मागे होती. आता जुना मजकूर ताजा म्हणून एक दिवसासाठी कॅशेत बसला. हा दोष पुन्हा घडवून दाखवणं कठीण, म्हणून शोधायला आठवडे जातात. सेकंदाला ६७ पानांसाठी एक मुख्य डेटाबेस पुरतो. प्रत अहवालांसाठी आणि बिघाडाच्या वेळी पर्याय म्हणून ठेवावी.

गर्दीचा क्षण

मोठ्या बातमीचं नोटिफिकेशन लाखो फोनवर एकाच वेळी जातं. लोक टिचकी मारतात ती यूटीएमची (वाचक कुठून आला ते सांगणारी) शेपटी लागलेल्या पत्त्यावर, आणि समाजमाध्यमांवरून येणाऱ्या दुव्याला तर प्रत्येक वाचकागणिक वेगळा ओळखक्रमांक चिकटलेला असतो. कॅशेच्या दृष्टीने प्रत्येक पत्ता वेगळा, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट मागे. ९५ टक्क्यांचं प्रमाण इथे मिनिटभरात ढासळतं. सीडीएन आणि व्हार्निश दोन्हीकडे पत्त्यातले असे सगळे घटक काढून, उरलेले क्रमाने लावून मगच कॅशेत शोधावं. ओळखीचे घटक काढण्यापेक्षा मान्य घटकांचीच यादी ठेवणं जास्त भरवशाचं, कारण नवे घटक रोज निघतात. कुकीचंही तसंच: ड्रुपलची सत्राची कुकी सोडून बाकी सगळ्या व्हार्निशच्या दाराशी काढून टाकाव्यात.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी लेख प्रकाशित, मग पर्ज, मग सीडीएनमधून तो पत्ता उघडून २०० (पान मिळालं) येतो का ते यंत्राने तपासायचं, आणि त्यानंतरच नोटिफिकेशन. उलटं झालं तर पहिल्या वाचकाला ४०४ (पान सापडलं नाही) मिळतो आणि तो ४०४ कॅशेत बसतो. ४०४ चं आयुष्य १० सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये. नोटिफिकेशन चार गटांत, दोन मिनिटांत विभागून पाठवलं तर गर्दीचं टोक बरंच बोथट होतं.

"सर्वाधिक वाचलेलं" ही यादी अनेक संस्थांचा डेटाबेस मारते. प्रत्येक वाचनाला एक नोंद लिहिणारं मॉड्यूल पहिल्या दिवशीच काढून टाकावं. सीडीएनच्या लॉगमधून दर पाच मिनिटांनी मोजणी करून यादी बनवावी. शोधही डेटाबेसवर नको, सोलर किंवा ओपनसर्च या शोधप्रणालीवर हवा.

मजकुराची रचना ठरवताना प्रत्येक परिच्छेदाला वेगळा घटक करणारी पॅराग्राफ्सची पद्धत रोजच्या बातमीसाठी घेऊ नये. ड्रुपलमध्ये प्रत्येक फील्डला स्वतःचं टेबल आणि आवृत्त्यांचं आणखी एक. तीस घटकांचा लेख जतन करताना शेकडो ओळी लिहिल्या जातात. एक मोठं मजकूर-फील्ड आणि त्यात बसवलेली चित्रं, व्हिडिओ एवढं पुरतं. खास दीर्घ लेखांसाठी वेगळा प्रकार करावा.

चाचणी आणि स्थलांतर

केसिक्स किंवा जेमीटर या भारचाचणीच्या साधनाने मुखपृष्ठावर हजार रिक्वेस्ट सोडून "सगळं हिरवं" म्हणणं म्हणजे फक्त व्हार्निशची चाचणी. खऱ्या लॉगमधून एका तासाचे पत्ते घ्यावेत, जुन्या लेखांच्या लांब शेपटीसकट, आणि त्याच प्रमाणात सोडावेत. त्याच वेळी ४० कृत्रिम संपादक दर काही सेकंदांनी लेख जतन करत असावेत, नाहीतर टॅगांचा दोष कधीच दिसणार नाही. चाचणी रिकाम्या कॅशेपासून एकदा, आणि मध्येच एक सर्व्हर बंद करून एकदा. शोधयंत्रांचे बॉट मुख्यतः जुने लेख चाळतात, जे कॅशेत नसतात. त्यांचा भार वेगळा मोजावा.

ड्रुपलचं मायग्रेट हे आयातीचं साधन सेकंदाला २० लेख आणत असेल तर ६ लाखांना ३०,००० सेकंद, सुमारे सव्वाआठ तास लागतात. म्हणून ते एका रात्रीचं काम मानू नये. पूर्ण आयात काही आठवडे आधी करावी, मग रोज फक्त बदललेले लेख आणावेत. शेवटच्या दिवशी तासाभराचंच काम उरतं. आयात चालू असताना पर्जची रांग बंद ठेवावी, नाहीतर तीत लाखो टॅग साचतात आणि नंतर ते उपसताना साइट अडखळते. जुने पत्ते शक्य तितके तसेच ठेवावेत, बदलले तर ३०१ ने वळवावेत. डेटाबेसची अक्षरसंच-पद्धत युटीएफ८एमबी४ आहे ना ते आयातीआधी बघावं. जुन्या तीन-बाइटी पद्धतीत इमोजी असलेला मजकूर बसत नाही.

सुरक्षेसाठीही वेगाने तैनात करता येणं हा उभारणीचाच भाग आहे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधला एसक्यूएल इंजेक्शनचा (डेटाबेसला परके आदेश घुसवता येण्याचा) दोष जाहीर झाला. त्यानंतर सात तासांत जी संकेतस्थळं दुरुस्त झाली नाहीत ती फोडली गेली असंच समजावं, असं ड्रुपलच्या सुरक्षा चमूने नंतर सांगितलं. ड्रुपलच्या सुरक्षा सूचना साधारणपणे बुधवारी येतात. त्या संध्याकाळी एक माणूस ठरलेला असावा, पॅच चाचणी प्रतीवर जाऊन पाचही सर्व्हरांवर तासाभरात पोचावा, आणि तैनातीत सगळा कॅशे रिकामा करण्याची पायरी नसावी. ड्रुपलचा कॅशे पुन्हा बांधावा लागतो तो अॅप्लिकेशनच्या आत. व्हार्निश आणि सीडीएनवरची पानं तशीच राहू द्यावीत.